जेनांगचा रहिवासी दाखला

ज्ञान वाटल्याने वाढतं असं म्हणतात. ज्याने कुणी हे म्हटलं, त्याने ते आमच्या गल्लीत वाटून पाहिलेलं नसणार. मी पाहिलं. वाढलं, हे खरं. इतकं वाढलं की ते आवरायला शेवटी मिनीबस भाड्याने घ्यावी लागली.

झालं होतं एवढंच. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या माणसापुढे दोनच रस्ते असतात, कोंबड्या नाहीतर इंटरनेट. आमच्या कोंबड्यांचं आणि माझं पटत नाही. म्हणून मी इंटरनेटवरच्या त्या विश्वकोशात शिरलो, जो सगळं जग मिळून फुकटात लिहितं. कुणीही लिहावं, कुणीही खोडावं. त्यात काय नव्हतं! परदेशातल्या पुलांवर लेख होते, नामशेष झालेल्या गोगलगायींवर लेख होते, पण केडुंगमानिसच्या जेनांगबद्दल अवाक्षर नव्हतं. तांदळाचं पीठ, नारळाचं दूध आणि माडाचा गूळ आटवून जेनांग तसा जावाभर गावोगाव करतात. पण आमच्या गावचा जेनांग तो आमच्या गावचा. तो करते माझी सासू, म्बाह सायेम, म्हणजे सायेमआजी. तिच्या कढईला तेल सुटायला लागलं की गल्लीतल्या निम्म्या माणसांच्या हातातली कामं सुटतात.

तेव्हा मी ‘बांधावरचा म्हातारा’ असं टोपणनाव घेतलं आणि लेख लिहिला. चार ओळींचा, नम्र. सासूचं नाव मुद्दाम घातलं नाही. आपल्या घरच्यांची स्तुती आपणच करणं याला आमच्याकडे निर्लज्जपणा म्हणतात. उद्या कुणी म्हणायला नको की मार्गोनो सासुरवाडीची टिमकी वाजवतोय, म्हणून जेनांगचं कौतुकही जरा हात राखूनच केलं.

लेख प्रसिद्ध झाला आणि मी ही गोष्ट फक्त एका माणसाला सांगितली. तो माणूस पाक सार्जीमिन निघाला, ही माझी चूक. ‘पाक’ हे आमच्याकडे पुरुषाला मानाने म्हणतात. पाक सार्जीमिन रेल्वेत गार्ड होते. त्यांना सांगितलेली गोष्ट पुढच्या स्टेशनवर आपल्या आधी पोचते. संध्याकाळी मी दूध आणायला निघालो तेव्हा गल्लीप्रमुख पाक कुवातो फाटकातच उभे होते.

“पाक मार्गोनो, आपल्या जेनांगबद्दल तुम्ही जगाला काहीतरी सांगितलंत म्हणे. परवानगी कुणाची घेतलीत?”

“तिथे परवानगी लागत नाही, पाक. कुणीही लिहू शकतं.”

“कुणीही? म्हणजे आमचा चपलावालासुद्धा?”

“तोसुद्धा.”

“मग शिक्का कोण मारतं?”

“शिक्का नसतो.”

पाक कुवातोंनी माझ्याकडे, तापात बडबडणाऱ्या माणसाकडे पाहावं तसं पाहिलं. मग खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “ज्याला शिक्का नाही ते ज्ञान नव्हे, पाक. त्याला चहाटळकी म्हणतात.”

पण चहाटळकीत आपलंही नाव असावं असं पुढच्या दोन दिवसांत सगळ्या गल्लीला वाटू लागलं. पहिला आला नारळवाला. “जेनांगमध्ये दूध नारळाचं. नारळ कुणाचे? मग माझं नाव कुठाय?” मी त्याचं नाव घातलं. मग सरपणवाला आला, कारण जाळ त्याच्या लाकडांचा. मग केळीची पानं पुरवणारी आली. मग तिची जाऊ आली, कारण पानं जरी हिची असली तरी केळ जावेच्या दारात होती. खोडायचं कसं? ज्याचं वाक्य सकाळी खोडायचं त्याच्याच ओट्यावर संध्याकाळी बुद्धिबळाला बसायचं असतं. शेवटी पाक कुवातोंनी रीतसर सभा बोलावली. चहा, उकडलेल्या शेंगा, सोयाबीन आंबवून केलेलं तळलेलं तेम्पे. आमच्याकडे मतदान करत नाहीत. सगळ्यांच्या माना हलेपर्यंत बसायचं असतं, आणि तेम्पे चांगलं तळलेलं असलं की माना हलायला वेळ लागतो.

त्या सभेतून जो लेख बाहेर पडला त्याच्यापुढे माझ्या चार ओळी म्हणजे लग्नाच्या जेवणातलं मीठ. सुरुवातच होती, ‘पाक कुवातो यांच्या कुशल मार्गदर्शनाखाली’. पाक सार्जीमिननी जेनांग खायला येणाऱ्यांच्या सोयीसाठी गाड्यांचं वेळापत्रक घातलं, तेही बंद पडलेल्या गाड्यांसकट, कारण त्या गाड्यांवर त्यांचा जीव होता. तरुण मंडळाने बॅडमिंटनमधला विजय घातला. कुणीतरी हरवलेल्या शेळीचं वर्णन घातलं. शेळी सापडली. विश्वकोशाच्या खात्यात हे एक पुण्य मांडावं लागेल.

आणि मग एका सकाळी सगळ्याच्या वर एक नवी ओळ दिसली: ‘हा जेनांग मूळचा कालिलोंदोचा.’

कालिलोंदो म्हणजे नदीपलीकडचं गाव. मधे फक्त बांबूचा पूल आहे, पण मनं एवढी लांब की आमच्याकडे पाऊस पडला तर ते म्हणतात आमचाच ढग होता. आम्ही ती ओळ खोडली. त्यांनी घातली. आम्ही खोडली. तरुण मंडळाने पाळ्या लावून घेतल्या. बॅडमिंटन जिंकलेली पोरं ती, दमायला तयार नव्हती. पण पलीकडेही तरुण मंडळ होतंच.

हा सामना रंगात आलेला असताना मैदानात उतरली ‘सकाळची भुरभुर’. हे टोपणनाव. विश्वकोशाच्या जुन्या स्वयंसेवकांपैकी कुणीतरी. या भुरभुरीने एका सपाट्यात सगळं धुऊन काढलं. मार्गदर्शन गेलं, नारळ गेले, गाड्या गेल्या. उरल्या माझ्या मूळच्या चार ओळी, आणि खाली दोन नव्या: ‘मूळ स्थानाबद्दल मतभेद आहेत. कृपया विश्वासार्ह स्रोत द्या.’ वर कुलूप, पुन्हा कुणी काही बदलू नये म्हणून.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी विसरलो असतो. माणसाने अपमान गिळायला शिकावं म्हणूनच सरकार त्याला तीस वर्षं नोकरीत ठेवतं. पण त्याच आठवड्यात आमच्या घरी बायकांची भिशी होती. पाक कुवातोंच्या बायकोने, बू कुवातोंनी, मोबाइल काढला आणि ‘बघा हो बघा, काय ठेवलंय आपलं’ म्हणत उरलेला लेख पहिल्या अक्षरापासून कुलपापर्यंत मोठ्याने वाचला. म्बाह सायेम कोपऱ्यात छोटे कांदे सोलत होती. तिने सगळं ऐकलं. मग उठली, वल्ह्याएवढा तो तिचा लाकडी कालथा धुतला, पुसला, खुंटीला टांगला आणि म्हणाली, “ज्यांना येतो त्यांनी करावा.”

त्या दिवसापासून जेनांग बंद.

आता आमच्याकडे वडीलधारं माणूस रुसलं तर कारण विचारत नाहीत. कारण ओळखायचं असतं. विचारणं म्हणजे, इतकी वर्षं सोबत राहून मला तुमचं मन कळलं नाही, अशी कबुलीच. त्यामुळे कुणी विचारलं नाही आणि सगळ्यांनी ओळखलं. कालिलोंदो! जन्मभर आपण केलेला पदार्थ दुसऱ्यांच्या नावावर गेला, म्हातारीच्या काळजाला लागलं. दुसरं काय असणार?

म्बाह चुलीपासची आपली जागा सोडून ओसरीवर जाऊन बसली, रस्त्याकडे तोंड करून. जेवायला दोन घास. नातेवाईक आले तर ‘सगळं ठीक’. गावशुद्धीचा उत्सव तोंडावर आला होता, आणि त्यात पहिला नैवेद्य तिच्या जेनांगचा असतो. तो नसेल तर पुढचं पीक कसं येईल याबद्दल शेतकरी माझ्याकडे बघून बोलायला लागले होते. पण खरं सांगतो, पिकाचं मला काही वाटत नव्हतं. संध्याकाळी ओसरीवर तिची ती रिकामी मांडी मला बघवायची नाही. त्या मांडीवर कायम काहीतरी निवडायला असायचं.

माझी बायको वारसिती मोजकं बोलते. ती म्हणाली, “पाक, आई सुकत चालली आहे. तुमच्या कोशाने केलंय. तुम्हीच निस्तरा.”

निस्तरायचं म्हणजे स्रोत द्यायचा. जेनांग आमचाच, याचा पुरावा. पाक कुवातो खुलले. “मी पहिल्यापासून काय म्हणत होतो? शिक्का!” त्यांनी गल्लीचं पत्र दिलं, शिक्क्यासह. त्यावर विभागप्रमुखांचा शिक्का घेतला. मग आम्ही ते घेऊन गावच्या कचेरीत गेलो. तिथल्या बाई भल्या होत्या.

“दाखला देते की. कसला देऊ? जन्माचा, मृत्यूचा, स्थलांतराचा, चांगल्या वर्तणुकीचा की रहिवासाचा?”

“जेनांग आमचा असल्याचा.”

“तो प्रकार यादीत नाही.”

बराच खल झाला. मृत्यूचा अपशकुनी, स्थलांतराचा तर थेट कालिलोंदोच्या पथ्यावर पडणारा. वर्तणूक चांगली होती, पण तो मुद्दा नव्हता. शेवटी रहिवासी दाखला ठरला. बाईंनी टंकायला घेतलं. नाव: जेनांग. पत्ता: केडुंगमानिस. वैवाहिक स्थिती: अविवाहित. व्यवसायाशी त्या जरा थबकल्या, मग सवयीने ‘स्वयंरोजगार’ टाकून मोकळ्या झाल्या.

“फोटो आणलात? जन्मसाल विषम असेल तर मागे लाल पडदा, सम असेल तर निळा.”

पाक कुवातो माझ्याकडे बघायला लागले. मी छताकडे. जेनांगचं जन्मसाल! बाहेर बाकावर बसलेल्या लोकांनीही चर्चेत भाग घेतला. एकाच्या मते जेनांग विषम वाटत होता. अखेर आम्ही फोटोवाल्याकडे जाऊन एका शिळ्या तुकड्याचे दोन फोटो काढले, एक लाल, एक निळा. (शिळा, कारण ताजा होता कुठे?) फोटोवाल्याने त्याला “मान जरा उजवीकडे” असं सांगितलं नाही, एवढंच.

दाखला मी विश्वकोशाच्या चर्चापानावर चढवला. सोबत अदबीचं पत्र लिहिलं, ‘आपल्या चरणांशी अज्ञानाचा अपराध पोटात घालण्याची विनंती’ वगैरे. दुसऱ्या दिवशी भुरभुरीचं उत्तर आलं: ‘दाखल्याबद्दल मनापासून आभार. जेनांग केडुंगमानिसला राहतो याबद्दल शंका नाही. तो तिथे जन्मला का, हा प्रश्न आहे. त्यासाठी स्वतंत्र, छापील स्रोत हवा.’

“स्वतंत्र?” पाक कुवातोंचा आवाज चढला. “मग मी काय परतंत्र आहे?”

तोडगा काढला पाक सार्जीमिननी. “पत्रांनी काही होत नसतं. गार्डची हिरवी झेंडी कधी पत्राने पाठवतात का? जाऊन भेटायचं. चटईवर येऊन बसलेल्या माणसाला ‘नाही’ म्हणणारा जावामध्ये अजून जन्माला यायचाय.”

भुरभुरीने आपल्या पानावर स्वतःच्या घरातल्या वाचनालयाचा पत्ता दिला होता, क्लातेन गावचा. म्हणजे घर सापडण्यासारखं होतं. मिनीबस ठरली. चालवायला माझा पुतण्या जारोत, वय वाढतंय पण लग्न जमत नाही अशातला. पाक कुवातोंचा हुकूम सुटला की सगळ्यांनी एकाच नक्षीचे बातिकचे सदरे घालायचे, गावाची शान आहे. वारसिती म्हणाली, मोठ्या माणसाकडे रिकाम्या हाताने जायचं नाही. तिने राजेळी केळ्यांच्या दोन टपोऱ्या फण्या घेतल्या, परातीत नीट जोडीने मांडून. चिकट तांदळाच्या गोड वड्या घेतल्या, कारण त्या प्रवासात टिकतात. एक कोंबडी घेतली, कारण ती माझ्याशी नीट वागत नव्हती.

आता एकसारखे सदरे घातलेली वडीलधारी माणसं, परातीत केळ्यांची जोडी, दोन जीव चिकटून राहावेत म्हणून नेतात तशा चिकट वड्या, आणि सोबत बिनलग्नाचा पुतण्या, हे सगळं मिळून काय होतं ते जावामधलं शेंबडं पोरही सांगेल. पण आमच्यात त्या वेळी एकही शेंबडं पोर नव्हतं.

बस सुटणार तेवढ्यात म्बाह सायेम ओसरीवरून उठली, चालत आली आणि पुढच्या सीटवर बसली. का येतेयस, असं कुणी विचारलं नाही. ओळखलं. न्याय मागायला.

क्लातेनला त्या घराच्या अंगणात एक गृहस्थ सायकलच्या ट्यूबला पंप मारत होते. त्यांनी बस पाहिली, सदरे पाहिले. मग केळी पाहिली आणि पंप हातातून पडला. आत पळाले ते थेट अंगरखा चढवूनच बाहेर आले. पाच मिनिटांत शेजारून खुर्च्या आल्या, पाठोपाठ शेजारी आले, माडीवरून एक आजोबा उतरवून आणले. असलं स्वागत माझ्या निवृत्तीच्या समारंभालाही झालं नव्हतं. मी मनात म्हटलं, विश्वकोशवाली माणसं म्हणजे काय माणसं!

पाक सार्जीमिन बोलायला उभे राहिले. हवापाण्यापासून निघाले, दोन्ही घरांच्या पूर्वजांना वंदन करून पुढे सरकले, मधल्या सगळ्या स्टेशनांवर थांबले. चहाची दुसरी फेरी होऊन गेली तरी मुद्दा आला नव्हता. चांगल्या वक्त्याने मुद्द्यावर येणं आमच्याकडे उतावळेपणाचं मानतात. घरच्या गृहस्थांनी, म्हणजे पाक प्रानोतोंनी, उत्तर दिलं.

“आपण एवढ्या लांबून आलात, आमचं भाग्य. फक्त एक आधीच सांगतो. निर्णय तिचा. फार चोखंदळ आहे. आजवर सगळ्यांना परत पाठवलंय तिने.”

‘तिने’ ऐकून मी वारसितीकडे पाहिलं. तिची नजर केळ्यांवर खिळलेली होती आणि तिचा चेहरा हळूहळू लाल होत चालला होता.

एवढ्यात यजमानीणबाईंनी मायेने विचारलं, “आणि आपला मुलगा कोणता म्हणायचा?” सगळं घर जारोतकडे बघायला लागलं. जारोत तिसरी वडी खात होता. वड्या आमच्याच होत्या, हा एक वेगळाच मुद्दा.

तेव्हा आतून चहाचा ट्रे घेऊन घरची मुलगी आली. वेनिंग तिचं नाव. तिशीची, चष्मा, केस पेन्सिलीने वर खोवलेले. पाक कुवातोंना वाटलं, आता माणूस भेटला कामाचा. त्यांनी विचारलं, “बाळ, ‘सकाळची भुरभुर’ म्हणतात ते साहेब घरी आहेत का? आम्ही जेनांगच्या कामासाठी आलोय.”

वेनिंगने ट्रे खाली ठेवला. “मीच ती. तुम्ही केडुंगमानिसचे? अरे देवा! दाखलावाले?” आणि मग तिने नजर फिरवली. “तुमच्यातला बांधावरचा म्हातारा कोण?”

सगळे जण बाजूला सरकले. मी एकटाच मधे राहिलो.

पुढचा थोडा वेळ मी आयुष्यातून वजा करायला तयार आहे. वेनिंगची आई खुर्चीत बसली ती बसलीच. माडीवरचे आजोबा मोठ्याने विचारत राहिले, “ठरलं का? ठरलं का?” शेजारी उठेनात, फुकटचं नाटक कोण सोडतं? पाक प्रानोतोंचा अंगरख्याची बटणं सारखी करणारा हात वरच्या बटणावर अर्धवट थांबला होता. त्यांना पाहून पाक सार्जीमिनना राहवलं नाही. ते म्हणाले, “नाही, म्हणजे, तो दुसरा विषयही आम्ही पूर्णपणे फेटाळलाय अशातला भाग नाही.” जारोतला ठसका लागला.

वेनिंग मात्र हसत होती. पाक कुवातोंनी अस्सल दाखला, प्लॅस्टिकमध्ये घातलेला, तिच्यापुढे धरला. तिने तो मोठ्याने वाचला आणि ‘स्वयंरोजगार’ला पोचल्यावर चष्मा काढून डोळे पुसले. मग म्हणाली, “काका, मला तुमचं खोटं वाटत नाही. पण कालिलोंदोवालेही असंच शपथेवर सांगतात. मी कुणाचं ऐकू? कुणीतरी कधीतरी कुणाला नीट विचारून लिहून ठेवलेलं हवं.” असं म्हणून ती वळली आणि थेट माझ्या सासूपुढे गुडघ्यांवर बसली.

“म्बाह, हा जेनांग पहिल्यांदा तुम्ही केलात का?”

असं सरळ विचारतात? रुसलेल्या वडीलधाऱ्या माणसाला?

“मी कशाला?” म्बाह म्हणाली. “मला पाइनाहने शिकवला. कालिलोंदोच्या. दोघी नव्या नवऱ्या होतो, नदीवर धुणं धुवायला यायचो.”

पाक कुवातोंच्या बशीतला चहा सदऱ्यावर सांडला. वारसितीच्या तोंडून कसाबसा आवाज निघाला, “आई! मग हे आधी का नाही सांगितलंस?”

“कुणी विचारलं?”

“मग त्यांनी ‘कालिलोंदोचा’ लिहिलं म्हणून तू रुसली नव्हतीस?”

“खरं लिहिलं त्यावर कोण रुसतं?”

“मग कशावर, म्बाह?” वेनिंगने पुन्हा सरळ विचारलं.

म्बाहचा आवाज एकदम वर गेला. इतक्या आठवड्यांत मी तो ऐकला नव्हता. “सोपा! त्यात लिहिलंय, ‘करायला सोपा’! कुवातोच्या बायकोने वाचलं, मी या कानांनी ऐकलं. दुपारपासून दिवेलागणीपर्यंत ढवळते मी. हात थांबला की तळाला लागतो. हा खांदा बघ, हा बघ. एक वर, एक खाली. जन्म गेला माझा त्या कढईपाशी, आणि सगळ्या जगाला सांगितलं, सोपा आहे! सोपा आहे तर करा म्हटलं.”

“हे पलीकडच्यांचंच काम!” पाक कुवातो गरजले.

“बघता येईल,” वेनिंग म्हणाली. “कुठला शब्द कुणी घातला ते सगळं इथे राहतं.” तिने मोबाइल काढला. अंगठा सरसर खाली गेला. मला तेव्हाच तिथून उठून कोंबडीची चौकशी करायला जायचं होतं. “‘सोपा’ पहिल्या दिवसापासून आहे. घालणारा, बांधावरचा म्हातारा.”

वारसितीने माझ्याकडे पाहिलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हे पाहणं मला नवीन होतं.

“मी नम्रपणा म्हणून लिहिलं होतं,” मी म्हणालो. “घरच्यांचं कौतुक आपणच कसं करायचं...”

“नम्रपणा स्वतःच्या खांद्याने करावा,” वारसिती म्हणाली. “आईच्या खांद्याने नाही.”

मला खरोखर लाज वाटली, आणि ती सदऱ्यांच्या त्या रांगेत लपवायलाही जागा नव्हती. वेनिंगने मोबाइल माझ्यापुढे केला. “कुलूप मी उघडते, शब्द तुम्हीच काढा. एक शब्द तर आहे. याला स्रोतसुद्धा नको.”

मी अंगठा पुढे नेला.

“थांब,” म्बाह म्हणाली. “आधी ढवळ. मग काढ.”

“म्बाह, स्वतःचा अनुभव विश्वकोशात चालत नाही,” वेनिंग गंभीरपणे म्हणाली.

“कोशात नको मला. याच्या खांद्यात चालेल.”

तर उत्सवाच्या आदल्या दिवशी मी कढईपुढे उभा राहिलो. पाक प्रानोतो सहकुटुंब परतभेटीला आले होते. पदार्थाच्या निमित्ताने आले असं त्यांनी सांगितलं, पण केळी तेही घेऊन आले होते, जोडीने. जारोत कारण नसताना धुतलेली भांडी पुन्हा धूत होता, वेनिंग ती पुसत होती, आणि पाक सार्जीमिन लांबून हिरवी झेंडी दाखवल्यासारखे माझ्याकडे बघून मान हलवत होते.

पहिला अर्धा तास मी विनोद केले. पुढचा अर्धा तास गप्प होतो. मग जेनांग घट्ट व्हायला लागला आणि कालथा ओढायला मला दोन्ही हात, कंबर आणि पाटबंधारे खात्याची सगळी सेवा पणाला लावावी लागली. गल्ली कडेने उभी राहून सल्ले देत होती. “उजवीकडून!” “तळातून, पाक, तळातून!” “लागतोय हो, वास येतोय!” पाक कुवातो मार्गदर्शन करत होते, कुशल. म्बाह कढईशेजारी पाटावर बसली होती, मांडीवर शेवग्याचा पाला, निवडता निवडता तेवढं म्हणायची, “थांबू नकोस.” दिवेलागणीला तेल सुटलं तेव्हा मी तिच्या शेजारी जमिनीवर बसलो, तो उठवेपर्यंत उठलो नाही. ‘सोपा’ हा शब्द शेवटी वारसितीने काढला. माझा हात मोबाइलपर्यंत पोचत नव्हता.

पहिला नैवेद्य गेल्यावर म्बाहने दुसरी ताटली भरली. “ही पाइनाहला दे. तू ढवळलास, तूच ने.”

मी बांबूचा पूल ओलांडून कालिलोंदोला गेलो. पाइनाह म्हणजे मुठीएवढी उरलेली म्हातारी, दारात बसलेली. तिने ताटली घेतली, एक तुकडा तोंडात टाकला, डोळे मिटले. बराच वेळ चघळत राहिली.

“सायेमचा हात नाही हा.”

“नाही, म्बाह. माझा.”

“कळतंय. पण पाककृती तिचीच. माझ्याहून गूळ जास्त घालते, पहिल्यापासून.” मग तिने विचारलं, “ते सगळे म्हणतात की जेनांगबद्दल कुठेतरी लिहून आलंय. काय लिहिलंय?”

“मूळ स्थानाबद्दल मतभेद आहेत, असं.”

“आणि हे लिहिलंय का, की शिकताना सायेमने माझी कढई भोक पडेपर्यंत जाळली? आणि सासू मारेल म्हणून आम्ही दोघींनी ती नदीत बुडवली?”

“नाही, म्बाह.”

“मग काय लिहिलंय मेल्यांनी!” ती म्हणाली. “नवी आणून देते म्हणाली होती. तिला सांग, कढई अजून आली नाही. तीही आली नाही. दोन गावांचं ते जुनं भांडण लागलं तेव्हापासून पूल ओलांडला नाही तिने.”

घरी आलो तर म्बाह सायेम वाट बघत होती. “काय म्हणाली?”

“म्हणाली, कढई अजून आली नाही.”

म्बाह पदर तोंडाला लावून अशी हसायला लागली की वारसिती आतून धावत आली. हसता हसता म्हातारीच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते तिने पुसलं नाही. आई, झालं काय, असं वारसितीने या वेळी सरळ विचारलं, पण म्बाहला बोलता येईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बाजारात गेली आणि एक कोरी कढई घेऊन आली. मी म्हटलं, द्या, मी पोचवतो. “तुझा खांदा दुखतोय,” ती म्हणाली, आणि कढई डोक्यावर पालथी घालून, एका हाताने पुलाचा बांबू धरत, एकटीच पलीकडे चालत गेली.